जर्मनीला नोकरीला जायचंय? आधी वही उघडा!

सातवं सेमिस्टर लागलं की हॉस्टेलमध्ये दोन चर्चा हमखास सुरू होतात. एक म्हणजे यंदा कॅम्पसला कुठल्या कंपन्या येणार. दुसरी म्हणजे कोणाचा सीनियर, कोणाचा चुलतभाऊ, कोणाच्या गावातला मुलगा ‘बाहेर’ गेला आणि त्याला म्हणे किती मिळतात! पहिल्या चर्चेला प्लेसमेंट सेल आहे, नोटीस बोर्ड आहे. दुसरी चर्चा मात्र रात्री एक वाजता, टपरीवरून आणलेल्या चहाभोवती, निव्वळ ऐकीव माहितीवर चालते. आणि गंमत म्हणजे तिच्याच भरवशावर पुढे घरचे लाखो रुपये खर्च होतात. म्हणून हा लेखप्रपंच.

मी याच कॉलेजची, मेकॅनिकलची. चाकणला तीन वर्षं नोकरी केली आणि नंतर जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात, मशीन डिझाइनच्या कामाला लागले. ज्युनियर्सचे मेसेज येतात तेव्हा प्रश्न साधारण तेच असतात: डिग्री चालते का? जर्मन यावंच लागतं का? हातात किती पडतात? एजंटला पैसे द्यावेत का? संपादक मंडळाने लिहायला सांगितलं तेव्हा वाटलं, ही उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत. सगळ्या देशांबद्दल थोडंथोडं लिहिण्यापेक्षा एकाच देशाबद्दल पूर्ण लिहिते. देश बदलला की आकडे बदलतील, पण हिशोब मांडायची रीत तीच राहील.

१. दार कधी उघडलं, आणि का?

आपल्याकडे ‘बाहेर’ म्हणजे अमेरिका हे समीकरण नव्वदच्या दशकात पक्कं झालं. एच-वन-बी व्हिसा १९९० च्या अमेरिकन कायद्याने आला, वायटूकेच्या कामांनी त्याला हवा दिली. पण त्याला वर्षाला ६५,००० आणि तिथूनच मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून लॉटरी. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांसाठी होणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर्सची फी लावायचा आदेश निघाला. नुकत्याच पास झालेल्या पोरासाठी कुठली कंपनी एवढे पैसे भरणार? तेव्हापासून जर्मनीकडे पाहणाऱ्यांची गर्दी वाढली.

जर्मनीने आपल्याला पहिली हाक मारली ती २००० साली. आयटीवाल्यांसाठी ‘ग्रीन कार्ड’ नावाची योजना काढली, जास्तीत जास्त २०,००० लोकांसाठी. त्या वेळी तिथल्या एका प्रांताच्या निवडणुकीत ‘भारतीयांऐवजी आपली मुलं’ अशा अर्थाची घोषणा गाजली होती. २००४ अखेर योजना संपली तरी तो कोटा पूर्ण भरला नव्हता. आपले लोक अमेरिकेलाच जात राहिले.

पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये ‘ब्लू कार्ड’ आलं. १ मार्च २०२० पासून कुशल कामगारांसाठी नवा कायदा लागू झाला आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात तो टप्प्याटप्प्याने आणखी सैल केला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराबाबत करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने जाहीर केलं की भारतातल्या कुशल लोकांना वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० पर्यंत व्हिसा देता येतील.

हे सगळं प्रेमापोटी नाही बरं का! दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५५ ते १९६९ या काळात तिथे खूप मुलं जन्मली. ती पिढी आता निवृत्त होते आहे आणि तिच्या जागी यायला तितके तरुण नाहीत. कारखान्यातल्या इंजिनियरपासून हॉस्पिटलमधल्या नर्सपर्यंत सगळीकडे ही ओढाताण आहे.

पण ९०,००० हा आकडा ऐकून बॅग भरायला घेऊ नका. तो व्हिसांचा आकडा आहे. व्हिसा सरकार देतं, नोकरी कंपनी देते! २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं जर्मनीची अर्थव्यवस्था आकसली. गाड्या आणि गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं कमी करायच्या घोषणा केल्या. मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलच्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. माणसांची टंचाई आणि नोकरकपात या दोन्ही गोष्टी एकाच देशात एकाच वेळी असू शकतात. प्रश्न असतो तो तुमची ब्रँच कोणती, अनुभव किती आणि भाषा किती येते याचा.

२. आपली डिग्री चालते का?

जर्मनीचा ‘अनाबिन’ नावाचा सरकारी डेटाबेस आहे. नेटवर फुकट बघता येतो, एजंटची गरज नाही. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, तुमचं विद्यापीठ ‘एच प्लस’ या वर्गात आहे का. दुसरी, तुमची पदवी जर्मन पदवीच्या बरोबरीची धरली आहे का. दोन्हीकडे होकार असेल तर दोन्ही पानांची प्रिंट काढून ठेवा, व्हिसाच्या अर्जाला लागते. विद्यापीठ किंवा पदवी यादीत नसेल तर ‘झेडएबी’ या सरकारी कार्यालयाकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्याची फी २०२५ मध्ये २०८ युरो होती.

इथे आपली मुलं एक गोष्ट विसरतात. कॉलेजचं नाव शोधत बसतात आणि ‘नाही सापडत’ म्हणून घाबरतात. पदवी प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचं नाव आहे ते शोधा. आणि नाव बदललेलं असू शकतं हेही ध्यानात ठेवा. पुणे विद्यापीठाचं २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, म्हणजे जुन्या सीनियरच्या आणि तुमच्या प्रमाणपत्रावरचं नाव वेगळं!

दुसरी अस्सल मराठी भानगड म्हणजे नावाची. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि कुठेतरी आईचं नाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. जर्मनीत त्या रकान्यातलं सगळं तुमचं पहिलं नाव समजलं जातं. म्हणजे इन्शुरन्स कार्डावर तुम्ही वडिलांच्या नावासकट छापले जाता! त्याचं काही नाही, सवय होते. पण दहावी, बारावी, डिग्री आणि पासपोर्ट यांत स्पेलिंगचा फरक असेल तर तो आत्ताच, विद्यार्थी असतानाच दुरुस्त करून घ्या. कॉलेज सुटल्यावर त्याच कामासाठी रजा टाकून विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहावं लागतं. ट्रान्सक्रिप्टही कॅम्पसवर असतानाच चार-पाच प्रतींत काढून ठेवा.

३. वाटा चार, नावं वेगवेगळी

पहिली वाट ब्लू कार्डची. हातात जर्मन कंपनीची ऑफर हवी, काम पदवीला साजेसं हवं आणि पगार ठरावीक रकमेच्या वर हवा. ही रक्कम दर जानेवारीला बदलते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७०० युरो. टंचाई असलेल्या कामांसाठी, ज्यात इंजिनियरिंग आणि आयटी येतं, आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी ती कमी आहे: २०२५ मध्ये ४३,७५९.८० युरो आणि २०२६ मध्ये ४५,९३४.२० युरो.

दुसरी वाट साध्या कुशल कामगार व्हिसाची. ऑफर इथेही लागते, पण पंचेचाळिशीच्या आतल्यांना पगाराची तशी अट नाही. फक्त त्याच कामासाठी तिथल्या माणसाला जेवढं मिळतं तेवढं तुम्हालाही मिळायला हवं. ते तिथलं रोजगार खातं तपासतं.

तिसरी वाट ‘चान्सनकार्टे’, म्हणजे संधी कार्ड. १ जून २०२४ पासून सुरू झालं. यात ऑफर लागत नाही. जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत नोकरी शोधता येते आणि तोवर आठवड्याला २० तास पार्टटाइम काम करता येतं. पदवी पूर्ण मान्य असेल तर पॉइंट मोजत नाहीत. नसेल तर भाषा, अनुभव, वय वगैरे धरून किमान ६ पॉइंट लागतात, शिवाय जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ पातळी लागते. खर्चासाठी पैसे आहेत हे दाखवावं लागतं. २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो असा हिशोब होता, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो. १ युरो म्हणजे १०० रुपये धरला तर १३ लाखांच्या पुढे! हे पैसे खास खात्यात अडकवून ठेवतात आणि दर महिन्याला थोडे थोडे तुम्हालाच परत मिळतात.

नीट वाचा: हे नोकरी शोधायचं कार्ड आहे. काही लोक हेच कार्ड ‘जॉब व्हिसा’ म्हणून विकतात. वर्ष संपलं आणि योग्य नोकरी लागली नाही तर परत यावं लागतं, आणि ते १३ लाख तोवर घरभाडं आणि भाजीत संपलेले असतात. शून्य अनुभव आणि शून्य जर्मन घेऊन या वाटेने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी वाट मास्टर्सची. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण बाडेन-व्युर्टेनबर्ग या प्रांतात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, हे चौकशी न करताच ‘सगळं फुकट’ म्हणणाऱ्यांना सांगा. विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ प्रमाणपत्र सक्तीचं झालं. शिक्षण पूर्ण झालं की नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. नोकरीच्या दृष्टीने फ्रेशरसाठी मला हीच वाट सगळ्यात भक्कम वाटते. दोन वर्षांत भाषा येते, इंटर्नशिप होते आणि जर्मन कंपनीला ओळखीची वाटणारी डिग्री हातात पडते.

४. पगाराला शंभरने गुणू नका!

आता हॉस्टेलचा आवडता विषय. ५०,७०० युरो, गुणिले १००, म्हणजे ५० लाखांचं पॅकेज! रूमवर पार्टी!!

थांबा. वही उघडा.

वर्षाचे ५०,७०० म्हणजे महिन्याचे ४,२२५ युरो. यातून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा असे मिळून साधारण पाचवा हिस्सा जातो. त्यातही एकट्या पेन्शनला ९.३ टक्के. तेवढेच पैसे कंपनीही तुमच्या नावे भरते. त्यावर इन्कम टॅक्स. लग्न न झालेल्या माणसाच्या हातात सुमारे २,७०० युरो पडतात. आता खर्च मांडू. मी मध्यम शहर आणि साधी राहणी धरली आहे:

घरभाडं, हीटिंग-पाण्यासकट: ९०० युरो
किराणा, भाजी, कधीतरी बाहेर जेवण: ३००
महिन्याचा बस-ट्रेन पास, २०२६ चा दर: ६३
रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, टीव्ही नसला तरी: १८
मोबाइल आणि इंटरनेट: ४५
वीज: ४५
कपडे, औषधं, किरकोळ विमे, हौसमौज: २००
वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट, महिन्यावर वाटून: ८०

बेरीज १,६५१. उरले १,०४९. म्हणजे महिन्याला लाखभर रुपये शिल्लक. वाईट आहे का? मुळीच नाही. पण ‘महिन्याला चार लाख’ आणि ‘महिन्याला एक लाख’ यांत जे अंतर आहे ना, त्याच अंतरात माणसं कर्जबाजारी होतात. घरच्यांना सांगताना उरलेली रक्कम सांगा, पॅकेज सांगू नका. नाहीतर बहिणीच्या लग्नाचं, घराच्या स्लॅबचं आणि विहिरीच्या मोटरचं बजेट त्या चार लाखांवर आखलं जातं.

आणखी एक. पहिला पगार महिनाअखेरीला येतो, पण खर्च विमानातून उतरल्यावर सुरू होतो. घराचं डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येतं. मूळ भाडं ७०० धरलं तर २,१०० झाले. पहिलं भाडं ९००, पगार होईपर्यंतचा खर्च ५०० आणि सामान ६००. एकूण ४,१०० युरो, म्हणजे चार लाखांवर. सामान कशाला म्हणाल, तर तिथे पुष्कळ घरं अगदी मोकळी मिळतात. किचन ओटा नाही, सिंक नाही, छताला दिवासुद्धा नाही! भाडेकरू बदलला की किचन उचकटून घेऊन जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, चोरी झाली की काय.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ही नोंद झाल्याशिवाय टॅक्स नंबर येत नाही आणि पुढची कामं अडतात. त्यामुळे ‘भाडं कमी घेतो, पण पत्र देणार नाही’ म्हणणाऱ्याचं घर घेऊ नका. आणि ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं म्हणणारा तर शंभर टक्के भामटा समजा.

५. भाषा : मराठी माणसाला थोडी सोपी

‘ऑफिसात इंग्लिश चालतं ना?’ चालतं. बर्लिनच्या आयटी कंपनीत नक्की चालतं. पण कारखान्याच्या फ्लोअरवर, डॉक्टरकडे, घरमालकासमोर आणि परदेशी नागरिकांच्या कचेरीत चालेलच असं नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी बी-१ तरी, आणि जमलं तर बी-२ पर्यंत जावं. माझ्या कामात ड्रॉइंग सगळ्यांना कळतं. पण वेल्डर जेव्हा सांगतो की हा जॉइंट असा बसणारच नाही, तेव्हा तो जर्मनमध्येच सांगतो. आणि त्याचंच बरोबर असतं!

आता चांगली बातमी. इंग्रजीतून शिकवणारे घाबरवतात की जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, तेही तीन. अहो, आपल्याकडे तरी काय आहे? तो, ती, ते. त्यांच्याकडे डेर, डी, दास. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, त्यांच्याकडेही. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी. सूर्य मात्र तिकडे बाई आहे, त्याला इलाज नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा फरक त्यांच्यातही आहे, ‘डू’ आणि ‘झी’. साहेबाला पहिल्याच दिवशी ‘डू’ म्हणू नये हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. जोडवाक्यात क्रियापद शेवटी जातं तेव्हा इंग्रज गोंधळतो. आपण तर जन्मभर क्रियापद शेवटीच ठेवत आलो. म्हणून माझा सल्ला असा की जर्मन शिकताना डोक्यात इंग्रजीतून भाषांतर करू नका, मराठीतून करा.

पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, विद्यापीठांतही कोर्स चालतात. नियमित अभ्यास केला तर एका पातळीला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला सुरुवात केली तर डिग्रीसोबत बी-१ सहज हातात येतं. भाषेवर घातलेला पैसा वाया जात नाही. जर्मनीला नाही गेलात तरी चाकण-तळेगावला जर्मन कंपन्या थोड्या नाहीत.

६. करारपत्र नीट वाचा

नोकरीचं करारपत्र जर्मनमध्ये असेल तर कळणाऱ्याकडून ओळ न् ओळ समजून घ्या. पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कंपनी तुम्हाला किंवा तुम्ही कंपनीला सोडू शकता. नोकरी गेली तर कचेरीला कळवावं लागतं, आणि नवी नोकरी शोधायला मोजकाच वेळ मिळतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत गाडीचं कर्ज, महागडं फर्निचर असं काही करू नका. तीन महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला पाहिजे.

चांगल्या बाजूही आहेत. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षात किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्याने मिळते, प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या ३० च्या आसपास देतात. आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत कंपनी पगार देते. ब्लू कार्डवाल्याला २७ महिन्यांनी, आणि बी-१ जर्मन असेल तर २१ महिन्यांनी कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. बघा, भाषा इथेही सहा महिने वाचवते.

७. ऑफर लेटर खरं की खोटं?

आपल्याच कॉलेजच्या एका मुलाने मला एक लेटर पाठवलं. ‘ताई, जरा बघता का? परवा पैसे भरायचेत.’ म्युनिकच्या कंपनीचं लेटर, पगार ७२,००० युरो, राहणं-जेवण फुकट, इंटरव्ह्यू व्हॉट्सअॅपवर दहा मिनिटं. ‘व्हिसा प्रोसेसिंग’चे साडेचार लाख. वडील शेतावर कर्ज काढायला निघालेले.

मी त्याला एकच गोष्ट शोधायला सांगितली. जर्मनीतल्या ‘गेएमबेहा’ कंपनीला, म्हणजे त्यांच्या प्रायव्हेट लिमिटेडला, प्रत्येक व्यावसायिक पत्रावर चार गोष्टी छापाव्याच लागतात: कंपनीचं नोंदणीकृत ठिकाण, नोंदणी कोर्टाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि संचालकांची नावं. ऑगस्ट २०२२ पासून हे कंपनी रजिस्टर नेटवर कोणालाही फुकट बघता येतं. त्याच्या लेटरवर लोगो होता, शिक्का होता, सोनेरी बॉर्डर होती. नोंदणी क्रमांक मात्र नव्हता. रजिस्टरमध्ये त्या नावाची कंपनीच नव्हती. मुलाने क्रमांक मागितला तेव्हा समोरच्याने आधी चिडचिड केली, मग फोन उचलणं बंद केलं. साडेचार लाख वाचले. तो मुलगा आता रांजणगावला नोकरी करतो आणि संध्याकाळी ए-२ चा क्लास करतो.

हे प्रकरण निदान पैशांपुरतं होतं. याहून भयंकरही घडतं. २४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता: थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ची नोकरी म्हणून आयटी शिकलेल्या भारतीय तरुणांना बोलावतात, तिथून बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेतात आणि डांबून ठेवून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. ही अडाणी माणसं नव्हती. तुमच्या-आमच्यासारखीच शिकलेली, कॉम्प्युटर येणारी मुलं होती.

म्हणून हे पाच नियम कपाटाच्या दारावर चिकटवा:

एक. नोकरी देणारी खरी कंपनी नोकरीसाठी पैसे मागत नाही. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे, साडेचार लाख नाही.
दोन. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर आहे. त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी.
तीन. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे वर्क परमिट करून देतो’ हे ऐकलं की उठून निघा.
चार. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवू नका. झेरॉक्स द्या.
पाच. पैसे भरायची घाई करणारा माणूस तुमच्या हिताचा नसतो.

८. घरच्यांशी काय बोलायचं?

हा भाग कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. माझ्या घरी पहिला प्रश्न आला, ‘मुलगी एकटी कशी राहणार?’ त्याचं उत्तर भाषण देऊन मिळालं नाही. पत्ता, घरमालकाचा फोन, विम्याचे कागद, परतीच्या तिकिटाचे बाजूला ठेवलेले पैसे हे सगळं एका फाइलमध्ये घालून आईच्या हातात दिलं, तेव्हा मिळालं. आपल्या आईवडिलांना परदेशाची भीती नसते, अंदाज नसण्याची भीती असते.

पण एका प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये मावत नाही. वडील आजारी पडले तर? फोन आल्यापासून गावी पोचेपर्यंत सगळं जुळलं तरी एक-दीड दिवस जातो. कधी कधी तो एक-दीड दिवस फार मोठा असतो. भावंडं असतील तर त्यांच्याशी आधीच बोला. पैसे पाठवणारा आणि दवाखान्यात बसणारा यांच्यात पुढे कडवटपणा येतो, तो आधी न बोलल्यामुळे. एकुलते एक असाल तर घरच्यांचा आरोग्य विमा तुमच्या तिकिटाच्या आधी काढा. आणि न जाण्याचा निर्णय घेतलात तर त्यात कमीपणा मानू नका. माझ्या बॅचचे हुशार मित्र इथेच राहिले आणि उत्तम काम करताहेत.

शेवटी, वर्षवार कामं

सेकंड इयर: ए-१ सुरू करा. पासपोर्ट काढा. नावाच्या स्पेलिंगचा घोळ मिटवा.
थर्ड इयर: ए-२ ते बी-१. अनाबिनवर विद्यापीठ तपासा. एखादा असा प्रोजेक्ट करा की जो दहा वाक्यांत जर्मनमध्ये सांगता येईल.
फायनल इयर: ट्रान्सक्रिप्ट काढा. मास्टर्स की आधी इथे दोन-तीन वर्षं अनुभव, हे ठरवा. घरच्यांसोबत बसून वर मांडला तसा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडा.

प्राध्यापक आणि ऑफिस स्टाफला एक विनंती. ट्रान्सक्रिप्ट आणि नावदुरुस्तीसाठी महिन्यातून एक दिवस ठरवून दिलात तर मुलांच्या किती खेपा वाचतील! आणि प्लेसमेंट सेलच्या बोर्डावर ईमायग्रेटबद्दलची ती सूचना कायमची लावून ठेवा. रेक्टर सर, मेसच्या दारावरही एक लावा, कारण बोर्ड वाचतात थोडे, मेसला जातात सगळे!

ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं. जग बघावं, काम शिकावं, ताठ मानेने राहावं. फक्त निघताना घरावर कर्ज आणि मनावर ओझं नसावं एवढंच. हिशोब मांडताना अडलात तर वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. आपण इंजिनियर आहोत, बेरीज-वजाबाकी जमेलच की!

सगळ्यांना परीक्षेच्या आणि पुढच्या वाटचालीच्या शुभेच्छा.